अब्दागिरीचा हात

इंदूमावशींनी माझा हात पहिल्यांदा धरला, तो सोडलाच नाही.

उज्जैनला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. नवऱ्याची बँकेत बदली झालेली, मी सांगलीची, इथल्या थंडीची कल्पना नव्हती. माधव नगरातल्या भाड्याच्या घरात मी खोकी उघडत बसले होते आणि दारात एक उंच, काटकुळ्या बाई पोह्यांचा डबा घेऊन उभ्या राहिल्या. चेहरा लांबट, कानशिलांवर खळगे, पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या. "मी इंदू, बाजूचीच. काही लागलं तर आवाज दे," असं म्हणून त्यांनी डबा ठेवला आणि हात पुढे केला. आमच्याकडे बायका बायकांशी हस्तांदोलन करत नाहीत, पण मी दिला. त्यांची बोटं मिटली. मी हसले, काहीतरी बोलले, हात मागे घेतला, तर तो येईचना.

मी वर पाहिलं. त्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. राग नाही, हसू नाही, ओठांची हालचालसुद्धा नाही. फक्त हात माझा हात धरून होता, आणि तो हात त्यांचा नसून मागे कोणीतरी उभं आहे त्याचा असावा, असं मला वाटलं.

"घाबरू नकोस गं," त्या संथपणे म्हणाल्या. "ठंड आहे नं, म्हणून. तो आपला आपण उघडेल. ओढू मात्र नको."

मग एकेक बोट सावकाश सुटलं, आधी करंगळी, शेवटी अंगठा. मावशी जणू काही झालंच नाही अशा थाटात "पोहे गरम आहेत तोवर खा" म्हणून निघून गेल्या. मी दाराला कडी लावली आणि दिवसभर उजवा हात पदराला पुसत राहिले.

दुसऱ्याच दिवशी कळलं की मी भलतीच भाग्यवान आहे. दूधवाल्यापासून समोरच्या वकीलसाहेबांपर्यंत सगळ्यांनी मला विचारलं, "किती वेळ धरला?" इंदूमावशींचा हात हे त्या गल्लीतलं प्रस्थ होतं. कोणाची परीक्षा, कोणाची मुलाखत, कोणाच्या मुलीला बघायला येणार, की मंडळी मावशींकडे 'हात घ्यायला' जायची. हात जितका जास्त वेळ अडकेल तितकं काम पक्कं. त्यातही थंडीतला हात उत्तम, आणि सकाळचा पहिला हात सर्वांत उत्तम, कारण चार-पाच जणांचे हात धरून झाले की मावशींची मूठ हळूहळू सैल व्हायची आणि मग तुमच्याआमच्यासारखी चटकन सुटायची. "सकाळची ताकद वाटून संपते," असं लोक म्हणत. मी या सगळ्याला हसायचे. पण नवऱ्याच्या प्रमोशनच्या वेळी धुक्यात शाल गुंडाळून मावशींच्या फाटकाशी सगळ्यात आधी उभी कोण होती, तर मीच.

यामागे घराण्याची एक गोष्ट होती. मावशींचे पूर्वज सरदारांच्या पदरी अब्दागीर धरायचे. अब्दागीर म्हणजे मोठ्या माणसाला ऊन लागू नये म्हणून उंच दांड्यावर धरलेली छत्री. एकदा सरदार स्नानाला राम घाटावर उतरले असताना क्षिप्रेला अचानक पाणी आलं. सरदारांना लोकांनी वर ओढलं, अब्दागीर धरणारा वाहून गेला. तो पुढे कुठेतरी खालच्या काठाला सापडला तेव्हा दांडा मुठीतच होता. बोटं उघडेनात, म्हणून दांड्यासकट अग्नी दिला. "मेल्यावरही सोडली नाही" हे वाक्य त्या घरात फार अभिमानाने बोललं जाई. मावशी ही गोष्ट सांगायच्या तेव्हा त्यांचा चेहरा जराही हलायचा नाही, आणि ऐकणारा आपसूक त्यांच्या हाताकडे बघू लागायचा.

मावशी शाळेत चित्रकला शिकवायच्या. मी आले तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचे विद्यार्थी भेटले की एकच आठवण सांगायचे: मॅडमच्या बोटांतून खडू निघायचा नाही. तास संपला, घंटा झाली, मॅडम वर्गाबाहेर पडल्या, तरी खडू हातातच. घरी त्या बैठकीच्या खोलीत एक मोठा काळा फळा बाळगून होत्या आणि त्यावर मनाला येईल ते काढत. सकाळी उठल्यावर चहाचा स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरून बसायच्या, मूठ मिटायची, उघडायची, मिटायची, उघडायची. "मशीन गरम करते आहे," म्हणायच्या. विनोद भारी करत, पण स्वतः हसत नसत, म्हणजे हसता येत नसे. ऐकणाऱ्याला कळायला वेळ लागायचा की हा विनोद होता. बोलता बोलता मध्येच डोळा लागायचा. पुन्हा जाग आली की अर्ध्या राहिलेल्या वाक्याचा पुढचा शब्द उच्चारून पुढे चालू. मला पहिल्यांदा वाटलं, गेल्याच.

आणि एक दृश्य मी विसरू शकत नाही. धुक्याची सकाळ होती. मावशी फाटकाची लोखंडी कडी धरून बाहेरच्या बाजूला उभ्या. मी खिडकीतून पाहिलं, भाजी निवडली, पुन्हा पाहिलं, तरी उभ्याच. कोणाची वाट बघत असतील म्हणून मी बाहेर गेले. त्या कडीकडे बघत होत्या आणि हलक्या आवाजात बोलत होत्या, कुत्र्याला चुचकारावं तसं: "सोड बेटा, चल, सोड आता." मला पाहिल्यावर म्हणाल्या, "लोखंड गार असलं की ऐकत नाही तो." आपल्याच हाताला त्या 'तो' म्हणत. मी गरम पाण्याचा तांब्या आणला.

त्यांच्या भिंतीवर तीन फोटो होते. आजोबा, वडील आणि लग्नातल्या मावशी. तिघांचा चेहरा एकच, म्हणजे आपण म्हणतो तसा 'अगदी वडिलांवर गेली' असा नव्हे. एकच चेहरा तीनदा टांगल्यासारखा. तेच खळगे, त्याच झोपाळू पापण्या. फरक इतकाच की आजोबांच्या चेहऱ्यावर ते म्हातारपणी दिसत होतं, वडिलांच्या चाळिशीत आणि मावशींच्या लग्नाच्या शालूत. हे मला तेव्हा दिसलं होतं, पण कळलं नव्हतं.

कळलं ते डोळ्यांमुळे. मावशींना धूसर दिसू लागलं म्हणून मी त्यांना फ्रीगंजला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तरुण डॉक्टर होता. त्याने मशीनमधून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाला, "माँजी, मोतियाबिंद तो है, लेकिन इसमें रंगीन चमक है. ज़रा मुट्ठी बंद करके खोलिए." मावशींनी कौतुकाने मूठ मिटली. ती उघडायला लागलेला वेळ तो टक लावून बघत होता. मावशी म्हणाल्या, "क्यों, आपका भी इम्तिहान है क्या?" तो हसला नाही. त्याने इंदूरच्या डॉक्टरबाईंचं नाव लिहून दिलं.

इंदूरच्या बाई मज्जातंतू आणि स्नायूंच्या डॉक्टर. मराठीच होत्या. त्यांनी मावशींचा तळवा टेबलावर उताणा ठेवला आणि अंगठ्याच्या बुडाशी रबरी हातोडीने हलकेच ठोकलं. अंगठा आपोआप तळव्यावर आडवा आला आणि तिथेच थांबला. मावशींनी आणला नव्हता. आम्ही तिघी त्या अंगठ्याकडे बघत राहिलो, आणि तो सावकाश परत गेला.

"याला मायोटॉनिक डिस्ट्रॉफी म्हणतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "स्नायू आकसतो, पण लगेच सैल पडत नाही. आणि हळूहळू झिजतो. हा रक्तातून, पिढीतून येतो." मावशींनी विचारलं, "म्हणजे ते पोलिओसारखं? की ती मुलं चाकांच्या खुर्चीवर बसतात, ते?" तेव्हा बाईंनी समजावलं की मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायूंची झीज, हा एक आजार नव्हेच, ते बऱ्याच आजारांचं कुळ आहे. प्रत्येकाचं वय वेगळं, प्रत्येकाची सुरुवात करायची जागा वेगळी, आणि प्रत्येकाचं आईबापांकडून मुलाकडे यायचं गणित वेगळं. नाव न लावता नुसतं 'स्नायूंचं दुखणं' म्हटलं तर उपाय चुकतो आणि धोकाही कळत नाही. "तुमच्या प्रकारात हृदयाचे ठोके सांभाळावे लागतात. आणि ऑपरेशनची भूल, ती फार जपून. आधी माहीत नसेल तर माणूस भुलीतून परत श्वास घेत नाही, असं होऊ शकतं."

मग त्यांनी आजोबांचं विचारलं, वडिलांचं विचारलं. आजोबांना म्हातारपणी मोतीबिंदू आणि चेहऱ्यावरचे ते खळगे, हाताचं काही नाही. वडिलांचा हात चाळिशीत अडकू लागला. मावशींचा विशीत. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हा सहसा दर पिढीत आधीच्यापेक्षा लवकर येतो, मावशी. आणि आईकडून आला तर कधी कधी जन्मापासूनच. तुम्हाला मुलं?"

"एक मुलगी. रेवती," मावशी म्हणाल्या. "सहावा महिना चालू आहे तिला."

परतीच्या बसमध्ये मावशी झोपल्या नाहीत. अर्धा रस्ता मागे पडल्यावर एवढंच म्हणाल्या, "सुनीता, आम्ही समजत होतो की तो मागून येतो, पूर्वजांकडून. तो तर पुढे चालला आहे गं. पाळण्याकडे." मी शाल घट्ट ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तर फळ्यावर माणसं उभी होती. पाठमोरी, ओळीने, बिनचेहऱ्याची. चित्रं अगदी हुबेहूब, पण प्रत्येकाचा काही भाग मावशींनी डस्टरने पुसला होता. "ताकद जाते तिथे डस्टर," त्या म्हणाल्या. पहिला लहान मुलगा, मांड्या आणि कंबर पुसलेली, पोटऱ्या मात्र फुगीर: हा डुशेन, बहुतेक मुलग्यांनाच होतो, आईला स्वतःला सहसा काही नसतं, तिच्याकडून येतो, आणि जमिनीवरून उठताना मूल आपल्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर चढतं. त्याच्याशेजारी तसाच, पण वयाने मोठा आणि कमी पुसलेला: बेकर, त्याचाच सौम्य भाऊ. मग एक बाई, खांदे आणि नितंब नाहीसे झालेली: कंबरपट्ट्याचा आणि खांद्याचा प्रकार, कोणालाही, कुठल्याही वयात. चौथ्याच्या खांद्याची हाडं पंखांसारखी बाहेर आलेली. "याचा चेहरा जातो. शिट्टी मारता येत नाही, झोपला तरी डोळे पुरते मिटत नाहीत." पाचवी आकृती उंच, काटकुळी, मनगटापासून पुढे पुसलेली, आणि ती कोण ते विचारायची गरज नव्हती. सहावी आकृती अगदी लहान होती, गुडघे पोटाशी घेतलेली. तिच्यावर डस्टर फिरवलेला नव्हता.

"घराणी आहेत बघ," मावशी म्हणाल्या. "गाण्यात असतात नं, तशी. सूर लागायची जागा प्रत्येकाची अलग."

त्यानंतर त्यांच्याबरोबर बाहेर जायची मला भीती वाटू लागली. राम घाटावर बसलो होतो एकदा. ऊन पाण्यावर आलेलं, यात्रेकरूंची गर्दी, पंडे हाका मारताहेत, आणि मावशी अर्ध्या पापण्यांतून एकेकाला बघताहेत. पायरीवर एक माणूस पडला होता, डोळे उघडे, पांढरे. मी किंचाळणारच होते. "झोपला आहे गं," मावशी शांतपणे म्हणाल्या. "चौथा आहे तो." मग पलीकडे एक बाई आपल्या मुलाला काखेत धरून पाण्यातून वर काढत होती, आणि तो मुलगा मांड्यांवर हात टेकत उभा राहत होता. मावशी उठल्या. त्या बाईशी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. फक्त दिसलं की त्यांनी तिला हात दिला नाही, दोन्ही हात पाठीमागे धरले होते. इंदूरच्या डॉक्टरबाईंचं नाव मात्र त्यांनी तिच्याकडून मोठ्याने दोनदा म्हणून घेतलं.

रेवतीला सांगणं राहिलं होतं. ती देवासला दिलेली. मावशींनी माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर, कारण फोन कानाशी धरला की हात अडकायचा. सगळं सांगितलं. पलीकडून रेवती हसली.

"काही पण काय आई! माझा पण अडकतो आता हात, सकाळी सकाळी. मी सासूबाईंना दाखवला. त्या तर इतक्या खूश झाल्या, म्हणाल्या तुझ्या आईचा आशीर्वाद उतरला तुझ्यात."

मावशींचा चेहरा नेहमीसारखाच निर्विकार होता, पण त्यांच्या गळ्याची शीर उडताना मला दिसली. मूल आडवं होतं, ऑपरेशनच करावं लागेल असं सांगितलेलं होतं, तिथल्या हॉस्पिटलात कोणालाच काही ठाऊक नव्हतं. "तुझ्या डॉक्टरला सांग," मावशी म्हणाल्या. "भूल देणाऱ्याला सांग." रेवती एकदम गंभीर झाली. "हे बघ, इथे कोणाला काही बोलू नकोस. लग्नाच्या वेळी लपवलं म्हणतील. माझी शपथ आहे तुला." आणि फोन ठेवला.

लेकीने शपथ घातलेली, आणि न सांगावं तर लेक टेबलावरून उठायची नाही. त्या दिवसांत मावशींकडे कोणी हात घ्यायला आलं तर त्या "आज नाही" म्हणून परत पाठवत. फळ्यावरची ती ओळ तशीच होती.

रेवतीचं डोहाळजेवण मार्गशीर्षात फ्रीगंजच्या एका छोट्या हॉलमध्ये झालं. दोन्हीकडच्या बायका, फुलांचे दागिने घातलेली रेवती झोपाळ्यावर, गाणी, थट्टा. विहीणबाई मोठ्या रुबाबदार. सगळ्यांचा एकच धोशा: आज मावशींचा पहिला हात कोणाला? मावशी सकाळपासून चहा प्यायल्या नव्हत्या. मी पेला पुढे केला तर मानेने नको म्हणाल्या. त्यांच्या पदराआड काहीतरी होतं. नंतर कळलं, बर्फाच्या पाण्याची बाटली होती.

"पहिला हात विहीणबाईंना," मावशी म्हणाल्या. टाळ्या पडल्या. विहीणबाईंनी हसत हात दिला. मावशींनी तो धरला, घट्ट, आणि दुसऱ्या हाताने गाणं थांबवायची खूण केली.

"आता हा लवकर सुटणार नाही," त्या म्हणाल्या. "तोवर माझं ऐका. हा आशीर्वाद नाही. हा आजार आहे."

मावशी सपाट आवाजात सांगत गेल्या, वर्गात शिकवावं तसं. हे कुळ कोणतं, त्यातलं आमचं घराणं कोणतं, ते कसं दर पिढीला अलीकडे येतं. अब्दागिरीच्या माणसाचंही सांगितलं. "त्याला सोडायची असेल हो. पोहता येत होतं त्याला. हात सुटला नाही, म्हणून बुडाला." पिढ्यान्‌पिढ्यांची ती अभिमानाची गोष्ट, आणि त्यात एक माणूस हात उघडत नाही म्हणून पाण्याखाली जातो आहे, हे आम्हाला कोणालाच कधी दिसलं नव्हतं. विहीणबाईंनी हात ओढला. आला नाही. पुन्हा ओढला. त्यांच्या चेहऱ्यावर मला माझाच पहिल्या दिवशीचा चेहरा दिसला.

"आई!" रेवती ओरडली.

"मूठ मिट, रेवती," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. आणि उघड."

रेवती रडत होती, पण आईचा आवाजच असा होता की तिने मूठ मिटली. हातातल्या फुलांच्या गजऱ्यासकट मिटली. आणि उघडायला गेली. आम्ही सगळ्या बायका त्या मुठीकडे बघत होतो. बोटं थरथरत होती, उघडत नव्हती, मधून चुरगळलेली शेवंती खाली पडत होती.

"लग्नात लपवलं तुम्ही," विहीणबाई घुसमटलेल्या आवाजात म्हणाल्या.

"मालूम नव्हतं. आता मालूम आहे, आणि आता तुम्हालाही आहे. मला काय म्हणायचं ते म्हणा, नातं तोडा हवं तर. पण भूल देणाऱ्या डॉक्टरला सांगितल्याशिवाय माझ्या लेकीला आत नेऊ नका. एवढं कबूल करा."

मावशींची करंगळी सुटली, मग बाकीची बोटं, मग अंगठा. विहीणबाई आपल्या लाल झालेल्या तळव्याकडे बघत राहिल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, तिची मूठ अजून अर्धीच उघडली होती. मग त्या खाली बसल्या आणि रूक्षपणे म्हणाल्या, "इंदूरच्या बाईंचा नंबर द्या."

त्यानंतर मावशींच्या फाटकाशी कोणी उभं राहिनासं झालं. काही जण तर रस्ता ओलांडून जात, हात खिशात घालून. मला फार राग यायचा. मावशींना नाही यायचा. "बरं आहे, झोप मिळते," म्हणायच्या. रेवतीच्या बाळंतपणानंतर वर्षभरातच त्या गेल्या. हृदयाच्या ठोक्यांनीच दगा दिला, दुपारी, फळ्यासमोरच्या खुर्चीत. मीच पहिली पोचले. हातात खडू होता. तो काढायचा प्रयत्न मी केला नाही, कोणाला करूही दिला नाही.

पण आठवतात त्या तशा नाहीत, त्या इंदूरच्या हॉस्पिटलातल्या. रेवतीचं ऑपरेशन तिथेच झालं, पुरती भूल न देता, पाठीत इंजेक्शन देऊन, शेजारी हृदयाचं मशीन लावून. मुलगी झाली. रेवती डोळे उघडून सगळ्यांशी बोलत होती. बाळाच्या रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. विहीणबाई, मी, नर्स, सगळ्या पाळण्याभोवती. मावशींनी आपलं बोट बाळाच्या तळव्यात ठेवलं, आणि विहीणबाईंनी श्वास रोखला. "सोडते का बघा," त्या कुजबुजल्या. "सोडते का?"

"ते नाही बघायचं," मावशी म्हणाल्या. "हा जन्मापासून असला तर बाळ ढिलं असतं. धरतच नाही. धरते का, ते बघायचं."

ती इवलीशी बोटं पसरलेलीच होती. खोलीत मशीनची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मग ती मिटली, एवढी घट्ट की नखं पांढरी झाली.

"सब बच्चे ऐसे ही पकड़ते हैं, माँजी," नर्स म्हणाली.

"सगळे?" मावशींनी विचारलं. "सगळे असेच?" आणि पुन्हा विचारलं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. चेहरा तसाच होता, कोरा, आणि त्यावरून पाणी वाहत होतं. "रिपोर्ट काय यायचा तो येईल," त्या म्हणाल्या. "आज धरलं तिनं."

थोड्या वेळाने बाळाला झोप लागली आणि त्याने बोट सोडून दिलं, सहज, एका क्षणात. मावशींचं बोट मात्र तसंच आकड्यासारखं वाकून पाळण्यावर राहिलं, आणि त्या त्याच्याकडे बघत अगदी हळू म्हणाल्या, "सोड बेटा. सोड आता."